भुलीची धास्ती आणि केटामीन

१९६० सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी एका २१ वर्षांच्या तरुणाची तंगडी मोडली. शस्त्रक्रिया करायची ठरली; पण गडी पायापेक्षा भुलीलाच भ्याला होता. त्याच्या नात्यातली दहा माणसे ईथरच्या भुलीत दगावली होती. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन हे त्या काळचे नवे औषध हुंगवले. थोड्याच वेळात रक्तदाब घसरला, अंग तापू लागले. भूल तात्काळ थांबवली, म्हणून तो वाचला. डॉ. डेनबरो यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली आणि एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराचा छडा लागला.

या विकारात एरवी माणूस धडधाकट दिसतो. मात्र भुलीच्या काही वाफा, किंवा स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलिन, शरीरात गेले की स्नायूंतील कॅल्शियमचा साठा भडाभडा मोकळा होतो. स्नायू ताठरतात, ताप चढत जातो आणि वेळीच उपाय न झाल्यास प्राणावर बेतते.

मग अशा रोग्यांनी शस्त्रक्रिया करूच नये काय? तसे नाही. १९६२ साली अमेरिकेत केल्विन स्टीव्हन्स यांनी केटामीन तयार केले. १९६४ मध्ये डोमिनो व कॉर्सेन यांनी ते प्रथम माणसांवर वापरून पाहिले. ती माणसे तुरुंगातील कैदी होती, हेही विसरता कामा नये. १९७० साली तेथे त्यास मान्यता मिळाली. हे औषध या रोग्यांसाठी शोधलेले नव्हते. परंतु ते सुईने देतात, वाफ लागत नाही आणि हा विकार ते चेतवीत नाही. श्वासही बहुधा चालू राहतो, म्हणून साधने तुटपुंजी असतील तेथेही ते उपयोगी पडते. दोष आहेतच: रक्तदाब वाढतो, शुद्धीवर येताना कुणाकुणाला भास होतात. तेव्हा ते जाणत्याच्याच हाती शोभते.

१९७५ साली दक्षिण आफ्रिकेत हॅरिसन यांनी डुकरांवर प्रयोग करून डॅन्ट्रोलिन हा उतारा दाखवून दिला. पण पहिला उतारा आपल्याच तोंडी आहे. घराण्यात कुणी भुलीत दगावले असेल, तर ते नशिबावर ढकलून गप्प बसू नका. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेलबर्नच्या त्या तरुणाने सांगितले, म्हणून जगाला कळले.