जाळी आणि ब्रश

ऑफसेट-डिजिटल स्वस्त होण्यापूर्वी डोंबिवलीत लग्नपत्रिका घरच्या खोलीत स्क्रीनवर छापणारे होते. छपाईचे कौतुक सगळे करतात. मला मात्र मोरीतल्या ब्रशचे वाटते!

१९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने पेटंट घेतले, तेव्हा जाळी रेशमाची असे. ब्लीच रेशीम खाते, म्हणून फोटो-इमल्शन काढून तीच जाळी पुन्हा वापरणे अवघड. पॉलिएस्टर आले आणि ते जमू लागले. त्यावर मऊ नायलॉनचा ब्रश, दोन्ही बाजूंनी, गोल गोल. तारेचा लावलात तर जाळी गेलीच. रॉकेलने शाई पुसायचा ब्रश निराळा, कारण तेलकट जाळीवर नवे इमल्शन धरत नाही.

एवढे घासूनही आधीच्या वधूवरांची नावे पुसट दिसत. छापताना बहुधा उमटत नसत.