मॉरिशस : लोक, भाषा आणि राष्ट्रीय ओळख

हिंदी महासागरातील प्रजासत्ताक बेटराष्ट्र. क्षेत्रफळ सु. २,०४० चौ. किमी.; लोकसंख्या सु. साडेबारा लाख, राजधानी पोर्ट लुई. मुख्य बेट मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी.वर असून, त्याच्या पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वायत्तता आहे. मॉरिशसला मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. आजच्या प्रत्येक मॉरिशियनाचे पूर्वज समुद्र ओलांडून आले : थोडे आपखुशीने, पुष्कळसे साखळदंडात आणि सर्वाधिक करारपत्रावर अंगठा उठवून. येथे नागरिक होऊ इच्छिणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. येथील भाषा, सण आणि राजकारण यांचा उलगडा त्याशिवाय होत नाही.

लोक : डच १५९८ मध्ये येथे उतरले आणि नासौच्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्यांनी बेटाला दिले. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर वसाहत उभी केली. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी जिंकले. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. मात्र नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, राबलेल्यांना नव्हे. पळून गेलेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मॉर्नचा डोंगर २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय गिरमिटिये (करारबद्ध मजूर) पोर्ट लुईला उतरले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत असे सु. साडेचार लाख लोक आले. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरीभाषक त्यांत सर्वाधिक होते. त्यांच्याबरोबर तमिळ, तेलुगू व मराठी लोकही होते. ज्या धक्क्यावर त्यांची नोंद होई तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसायादीत गेला. गुजराती मुस्लिम व्यापारी आणि दक्षिण चीनमधून आलेले दुकानदार यांनी बाजारपेठ वाढवली. २०११ च्या जनगणनेनुसार हिंदू सु. ४८, ख्रिस्ती सु. ३३ व मुस्लिम सु. १७ टक्के होते.

चागोस द्वीपसमूह ब्रिटनने १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडला आणि पुढे तेथील रहिवाशांना हुसकावून लावले. त्यांतील अनेकजण पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन राहिले. ही विभागणी बेकायदेशीर असल्याचे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. हा प्रश्न मॉरिशियन लोकांच्या फार जिव्हाळ्याचा आहे.

भाषा : संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे आणि सभासदाला फ्रेंचमध्येही बोलता येते, असे संविधान सांगते, देशाची म्हणून एकच राजभाषा मात्र त्यात नेमलेली नाही. सरकारी कागद आणि न्यायालये इंग्रजीत चालतात, वृत्तपत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये निघतात. घरात, बसमध्ये, भाजीबाजारात मात्र क्रिओल बोलली जाते. फ्रेंच शब्दसंपत्तीवर गुलामांनी घडवलेली ही भाषा आज दहापैकी आठांहून अधिक लोकांच्या घरात आहे. दीर्घकाळ तिला अशुद्ध फ्रेंच म्हणून हिणवले गेले. २०१२ पासून ती प्राथमिक शाळांत वैकल्पिक विषय म्हणून शिकवली जाते. भोजपुरी मात्र झपाट्याने मागे पडत आहे : २००० मध्ये सु. १२ टक्के लोकांच्या घरी ती बोलली जाई, २०११ मध्ये सु. ५ टक्के. लग्नघरात बायका गातात त्या भोजपुरी ‘गीत-गवाई’ला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. गुलामांच्या वस्त्यांतून आलेल्या सेगा नृत्यगीताला ती २०१४ मध्येच मिळाली होती. सेगासाठी बोकडाच्या कातड्याचा ‘रावान’ हा डफ शेकोटीवर धरून तापवतात. कातडे ताणले गेले की ठेका खणखणीत लागतो.

पूर्वजांच्या भाषांबद्दलची भावना किती तीव्र आहे, हे नोटांवरून कळते. मॉरिशियन रुपयावर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी असा क्रम असे. १९९८ च्या नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाजाने निषेध केला आणि त्या नोटा मागे घेऊन जुना क्रम परत आणावा लागला.

मराठी समाज : मुंबई बंदरातून गेलेल्या कोकण व आसपासच्या मजुरांचे हे वंशज. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात त्यांची जुनी वस्ती आहे. घरातली बोली क्रिओल झाली असली तरी मराठी प्राथमिक शाळांत आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकवली जाते. कोकणातली जाखडी येथे ‘झाकरी’ नावाने नाचली जाते. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते.

सामायिक जीवन : महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे पायी जाणारे यात्रेकरू, सप्टेंबरमध्ये कॅथलिक धर्मगुरू पेर लाव्हाल यांच्या समाधीवर जमणारे सर्वधर्मीय, ईद, दिवाळी, चिनी नववर्ष आणि नाताळ या साऱ्यांना सार्वजनिक जीवनात जागा आहे. गुलामगिरीच्या अंताचा आणि गिरमिटियांच्या आगमनाचा असे दोन्ही दिवस राष्ट्रीय सुट्यांत येतात. रस्त्यावरची ‘ढोल पुरी’ सर्वांची : शिजवून वाटलेली डाळ भरलेल्या दोन मऊ पोळ्या, आत घेवड्याच्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय व मिरचीची चटणी.

समाज व राज्यव्यवस्था : १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच दिवशी प्रजासत्ताक. संविधानाने हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार समाज मानले. निवडून येणाऱ्या ६२ सभासदांखेरीज ‘बेस्ट लूझर’ पद्धतीने आठ जागा अल्पप्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना देण्याची तरतूद आहे. जनगणनेत समाज विचारणे १९८३ पासून बंद झाल्याने या जागांचा हिशेब १९७२ च्याच आकड्यांवर होत राहिला. उमेदवाराने आपला समाज नोंदवण्याच्या सक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये दोष दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सैल करण्यात आली. लहान समाजांना संरक्षण मिळाले हे या पद्धतीचे श्रेय. परंतु आपण केवळ मॉरिशियन आहोत असे म्हणणाऱ्याला तिने चौकटीत बसवले, आणि हा अन्याय दूर व्हायलाच हवा.

नागरिकत्व : १९६८ च्या नागरिकत्व कायद्यानुसार देशीकरणासाठी दीर्घ वास्तव्य, चांगले चारित्र्य आणि नागरिकाच्या जबाबदाऱ्यांचे ज्ञान लागते. इंग्रजी किंवा देशात प्रचलित असलेली दुसरी कोणतीही भाषा पुरेशी यावी, एवढीच भाषेची अट आहे. भारतीयाने मॉरिशसचे नागरिकत्व स्वीकारताच त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, म्हणून निर्णय विचारपूर्वक घ्यावा. कायद्याची अट इंग्रजीने पुरी होते, तरीही नव्या माणसाने क्रिओल शिकावीच. शेजारपाजार, कामाची जागा आणि मित्रांच्या घरचे आमंत्रण येथे तिच्यातूनच मिळते.