कोणाची धार खरी?

वाचकहो, श्रावणात कधी महाडहून बिरवाडीमार्गे शिवथरला गेला आहात काय? गाडी चालू असली म्हणजे खिडकीतून पावसाच्या धारा तिरप्या दिसतात. गाडी थांबली की त्याच धारा सरळ होतात. रस्त्याकडेला इरले घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र त्या पहिल्यापासून सरळच दिसतात. एकदा माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग खरी धार कोणाची? आपली की त्याची?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न साधा नव्हता. त्याच्या पुऱ्या उत्तराला चौदाशे वर्षे लागली आहेत.

इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने 'आर्यभटीय' लिहिले. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने त्यात म्हटले. म्हणजे फिरते ती पृथ्वी. सावित्रीच्या पात्रात होडीत बसलेल्या कोणालाही हा दाखला पटेल. वराहमिहिराला मात्र तो पटला नाही. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेल्या ससाण्यांना आपली घरटी पुन्हा सापडली असती काय, असे त्याने विचारले. शंका वेडगळ मुळीच नव्हे. एवढी पृथ्वी फिरते, तर ते आपल्याला जाणवत का नाही?

१६३२ मध्ये इटलीच्या गॅलिलिओने आपल्या वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेऊन बसवले. आत फुलपाखरे उडताहेत, टांगलेल्या भांड्यातून थेंब खालच्या भांड्यात पडताहेत. जहाज एकसारख्या वेगाने, हेलकावे न खाता चालू लागले, तरी फुलपाखरे मागे पडत नाहीत, की थेंब बाजूला जात नाही. आत बसून जहाज उभे की चालते, हे कळायला मार्ग नाही. वराहमिहिराच्या पक्ष्यांनाही हेच उत्तर: पक्षी, झाड, हवा, सारी पृथ्वीबरोबरच चालली आहेत. काठावरून मोजा की नावेतून, जागा आणि वेग वेगळे भरतील, नियम तोच. एकाच्या मापांवरून दुसऱ्याची मापे काढायला नावेच्या वेगाची बेरीज-वजाबाकी पुरे. दोघांचे घड्याळ एकच चालणार, हे तर गृहीतच होते.

घोडे अडले ते प्रकाशापाशी. मॅक्सवेलच्या १८६५ सालच्या समीकरणांतून प्रकाशाचा एकच ठराविक वेग निघतो: सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. पण तो कोणाच्या मानाने? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. तिच्या या धावेचा परिणाम प्रकाशाच्या वेगावर दिसावा, म्हणून मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ मध्ये बारकाईने शोध घेतला. तो दिसला नाही. हॉलंडच्या लोरेंट्झने १९०४ मध्ये रूपांतराची नवी सूत्रे मांडली. त्यांत जागेबरोबर काळही बदलतो. १९०५ मध्ये आइनस्टाइनने त्यांचा अर्थ उलगडला. एकसारख्या वेगाने चालणाऱ्या सर्वांना निसर्गाचे नियम सारखे, प्रकाशाचा वेगही सारखा. मग बदलायचे ते आपल्या मोजपट्टीने आणि घड्याळाने!

हे तपासायचे कसे? मुंबईत जन्मलेले होमी भाभा १९३८ मध्ये केंब्रिजला होते. विश्वकिरणांत नुकताच एक नवा कण सापडला होता. त्याला आज म्यूऑन म्हणतात. असा कण आपोआप फुटत असेल तर त्याचे फुटणे हेच घड्याळ समजावे, आणि कण वेगात असता ते हळू चालले पाहिजे, असे भाभांनी लिहिले. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी वेगवेगळ्या उंचीवर हे कण मोजून दाखवले, की अधिक वेगाचे कण अधिक काळ टिकतात.

हिशेब पाहा. म्यूऑनचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे २.२ भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. १० किलोमीटर उंचीवरून कण प्रकाशाच्या ९९.८ टक्के वेगाने निघाला आणि वेग तसाच राहिला, असे धरू. जुन्या सूत्रांप्रमाणे दहा लाखांतला एकही खाली पोचू नये. नव्या सूत्रांप्रमाणे शंभरांतले सुमारे अडतीस पोचतात. आपण म्हणतो, त्याचे घड्याळ जवळजवळ सोळापट मंद चालले. कण म्हणेल, माझे घड्याळ ठीक आहे. तुमचे १० किलोमीटरच मला सुमारे ६३० मीटर भरले. मापे दोन; पण कण खाली पोचला, यात दोघांचा वाद नाही.

शिवथरच्या घळीसमोर हात पसरून उभे राहा. पावसाबरोबर तळहातातून मिनिटाला शंभरएक म्यूऑन निघून जातात, ते आपल्याला कळतही नाहीत. सापेक्षता म्हणजे ज्याचे त्याचे खरे, असे लोक समजतात. खरे तर कोणी कोठूनही पाहिले तरी काय बदलत नाही, याचाच हा शोध आहे. त्या विद्यार्थ्याला आज मी सांगेन: बाबा, तिरपी धार खरी आणि सरळही खरी, एकीवरून दुसरी कशी काढायची ते शीक. आणि थेंब ज्या पानावर पडला, ते पान त्या शेतकऱ्याचे आणि आपले एकच.