शिळं, उष्टं आणि रस्सा : उरलेल्या पक्ष्याची गोष्ट

मित्रहो, आजचा विषय ऐकून मागच्या रांगेत थोडं हसू उमटलं, ते आम्हाला इथे ऐकू आलं. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटला उभं राहून उरलेल्या टर्कीच्या सुपावर बोलायचं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणण्यातलाच प्रकार वाटणार. पण ही व्याख्यानं इंटरनेटवर ऐकणाऱ्यांत अमेरिकेतली मराठी घरं पुष्कळ आहेत. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग असतं, अख्खी टर्की भाजतात, चौघांच्या घरात पाच-सहा किलोचा पक्षी काही संपत नाही. मग दुसऱ्या दिवशी हाडांचं काय करायचं, असा प्रश्न येतो. हा प्रश्न आपल्याकडे का पडला नाही, तिथून आपण सुरुवात करू.

आधी पक्ष्याचं नाव. हा मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं. तुर्क लोक त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच 'दँद', म्हणजे हिंदुस्थानातला. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. ज्याने त्याने तो दुसऱ्याच्या अंगणात ढकलला आहे! आपण मराठीत काहीच नाव दिलं नाही, 'टर्की'च म्हणतो, कारण आपल्या अंगणात तो फारसा आलाच नाही. दरबारात मात्र आला. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या वस्तूंमध्ये हा पक्षी जहांगीरासमोर ठेवला. बादशहा आत्मचरित्रात त्याच्या डोक्यामानेच्या बदलत्या रंगांचं वर्णन करतो आणि चित्रकारांना चित्रं काढायला सांगतो. उस्ताद मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६१० मध्ये, विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना आपल्या नंदुरबारवरून गेला; इथला किल्ला आणि सुंदर तलाव त्याने लिहून ठेवला आहे. म्हणजे जग या रस्त्याने जात-येत होतं. आपण कोपऱ्यात होतो, ही समजूत आपण सोडलेली बरी.

आता मूळ मुद्दा. उरलेल्या हाडांचं सूप कुठे जन्मतं? जिथे पक्षी अख्खा भाजतात आणि टेबलावर सुरीने मांस कापून वाढतात, तिथे. मांस ताटात जातं, सांगाडा मागे राहतो, म्हणून सांगाड्याचा दुसरा स्वयंपाक. आपल्याकडे कोंबडी हाडासकट तुकडे करून रश्श्यातच शिजते. हाडातलं जे काही निघायचं ते पहिल्याच दिवशी रश्श्यात उतरलेलं असतं, आणि नळी ताटातच चोखून संपते. मसाला घालायच्या आधी काढलेलं अळणी पाणी लहान मुलांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला. म्हणजे सूप आपल्याकडे आधी होतं, जेवण नंतर! खानदेशात तर काळ्या मसाल्याचा तो रस्सा कळण्याच्या भाकरीत कुस्करून पार पुसून खातात. सांगाडा नावाची वस्तू उरतच नाही. चुलीवरच्या पातेल्याची आणि ओव्हनची ही दोन वेगळी व्यवस्था आहे. त्यात काटकसर इकडची थोर की तिकडची, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

पण उरलेल्या अन्नाविषयी आपली भाषा फार बारकाईने विचार करते, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तिथे थांबावंच लागतं. आपल्याकडे तीन शब्द आहेत. शिळं, उष्टं, खरकटं. शिळं म्हणजे ज्याच्यावरून वेळ गेला ते. उष्टं म्हणजे ज्याला दुसऱ्याचं तोंड लागलं ते. खरकटं म्हणजे सांडलेलं, लागलेलं, ज्याने भांडं, हात, जागा धुवावी लागते ते. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द चालवतात. आपल्याला तो चालणार नाही, कारण पहिला शब्द घड्याळाचा आहे आणि दुसरा माणसामाणसांतल्या नात्याचा.

शास्त्रांनी काय केलं पाहा. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात 'उच्छिष्ट' या विषयावर अख्खं सूक्त आहे, आणि तिथे यज्ञातून उरलेलं हेच सगळ्या विश्वाचा आधार मानलं आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञात उरलेलं खाणारा पापातून सुटतो. सतराव्या अध्यायात मात्र शिळं आणि उष्टं हे दोन्ही तामसांच्या आवडीचं! मनुस्मृती शिळ्याला सवलत देते : तूप-तेलाने माखलेलं असेल तर रात्र उलटली तरी चालेल. हा व्यवहारी नियम आहे, आजीलाही तो माहीत होता. शिळासप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचंच खायचं, तेही देवीच्या नावाने. पण त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यायचं, तर उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं. देवाचं उरलेलं वरच्या माणसाला प्रसाद म्हणून मिळतं, आणि वरच्या माणसाचं उरलेलं खालच्याला त्याचा वाटा म्हणून दिलं जातं. वस्तू एकच, फक्त उतार बदलला. आम्ही ही व्यवस्था अन्नाची मानत नाही, हुकमाची मानतो.

हे महाराष्ट्रात कुणी मोडलं, ते सांगायला नको. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरणं सोडा, असं आवाहन केलं. हे सोडणं सोपं नव्हतं. ज्याच्या घरात दुसरं काही शिजत नाही, त्याला हे सांगणं म्हणजे आज उपाशी राहा असंच सांगणं. आणि लोकांनी ते ऐकलं. त्या स्वयंपाकाची चव, चान्या वाळवण्याची रीत, हे सगळं मग घराघरांत न बोलण्याचं झालं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या पाककृती लिहून काढल्या, तेव्हा त्या पहिल्यांदा सन्मानाने कागदावर आल्या. कुणी विचारेल, सोडलेलं पुन्हा लिहायचं कशाला? आमच्या मते सोडायचं होतं ते लाचारीचं नातं. आजीच्या हाताची आठवण टाकून द्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

आता हाडांकडे येऊ, कारण हा प्रश्न युरोपातही आला होता. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच माणसाने झाकण घट्ट बसणारं एक भांडं केलं, हेतू असा की हाडं मऊ करून त्यातलं सत्त्व काढावं. आपला प्रेशर कुकर त्याचाच वंशज. पुढे पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटिन काढायची यंत्रं रुग्णालयांत बसवली. गरिबांना मांसाऐवजी हाडांचं पाणी द्या, पोषण तेच, खर्च कमी! रुग्णांना ते आवडेना. विज्ञान अकादमीने समिती नेमली, मजॉन्दी या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि १८४१ मध्ये अहवाल आला की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण आज ठाऊक आहे : त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. मित्रहो, हे विसरू नका. हाडांचं सूप गोड लागतं, अंगाला ऊब देतं, पण ते मांसाची जागा घेत नाही. आपल्या जिल्ह्यात हा पुस्तकी मुद्दा नाही. अक्कलकुवा-धडगावच्या कुपोषणाबद्दल आपण वर्षानुवर्षं वाचतो. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम पूर्ण जेवण द्यायचं ठरलं, पुढे मुलांना अंडी आली. त्या ताटात डाळीऐवजी डाळीचं पाणी आलं, तर पॅरिसचा तोच हिशोब पुन्हा मांडला गेला असं समजा आणि गावसभेत विचारा.

पक्ष्याची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यातली. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नवापुरात. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि देशभर लोकांनी कोंबडी खाणं टाकलं. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच पाळी आली. ७० अंश सेल्सियसला आतपर्यंत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, हे तेव्हाही सांगितलं जात होतं. उकळत्या रश्श्याचं तापमान त्याहून कितीतरी जास्त. पण भीती थर्मामीटर वाचत नाही, आणि नुकसान कुक्कुटपालकाच्या घरी जाऊन बसलं.

तर परदेशातल्या मंडळींसाठी कृती, थोडक्यात. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत टर्की फ्रिजमध्ये जाऊ द्या. गप्पा नंतर मारा. सांगाड्यावरचं मांस सोडवून वेगळं ठेवा. हाडं मोडून मोठ्या पातेल्यात, वर येईल इतकं गार पाणी, कांदा, आलं, लसूण, चार मिरे. मंद आचेवर दोन-तीन तास. खळखळ उकळू देऊ नका, पाणी गढूळ होतं. वर येणारा फेस काढत राहा. मीठ शेवटी, कारण भाजतानाच पक्ष्यात मीठ गेलेलं असतं. गाळून घ्या, मग मांस घाला, म्हणजे ते चिवट होणार नाही. पोषण त्या मांसातच आहे, हे आत्ताच पाहिलं. काळा मसाला आणि सुकं खोबरं भाजून वाटून घातलंत तर तिकडच्या पक्ष्याचा इकडचा रस्सा होईल, आमची हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर तसंच निवायला ठेवू नका. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि हळूहळू निवणाऱ्या रश्श्यात वाढतात. उथळ भांड्यांत वाटून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. खाताना पुन्हा चांगली उकळी आणा, आणि लागेल तेवढंच गरम करा.