मदत पोहोचेपर्यंतचे तास: पुणे आणि आपत्ती-प्रशिक्षणाचा इतिहास

१/ १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटले आणि मुठेच्या पुरात पुण्याच्या पेठा बुडाल्या. खचत चाललेला बांध रात्रभर वाळूची पोती रचून तोलून धरला, तो लष्कराच्या जवानांनी. संकट आले की लष्कराला पाचारण करायचे, हाच तेव्हाचा रिवाज. बचावकार्य ही स्वतंत्र विद्या आहे, हे उमगायला आणखी तीन दशके आणि एक भूकंप लागला.

२/ ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरे झोपलेल्यांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. ढिगारे उपसणारे पहिले हात शेजाऱ्यांचे होते.

३/ पुनर्वसनासोबत राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करायला घेतले. पण आराखडा राबवणारी माणसेही तयार करावी लागतात. हे काम आले ‘यशदा’कडे. १९६३ साली मुंबईत स्थापन झालेली ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८४ मध्ये पुण्यात आली होती. तिच्या आपत्ती व्यवस्थापन केंद्रात अधिकारी धडे गिरवू लागले.

४/ अधिकाऱ्यांनंतर पाळी आली जवानांची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजेच एनडीआरएफ, उभे राहिले. आरंभी ८ बटालियन होत्या. त्यांपैकी केंद्रीय राखीव पोलीस दलातून घडलेली ५ वी बटालियन पुणे जिल्ह्याच्या वाट्याला आली. मावळातील सुदुंबरे, संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव, हे आज तिचे ठाणे आहे.

५/ या दलाची एक तुकडी ४५ जणांची. तीत शोध-बचाव पथकांबरोबर अभियंते, तंत्रज्ञ, वीजतंत्री, वैद्यकीय कर्मचारी आणि श्वानपथकही असते. प्रारंभी या जवानांना कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरही धाडले जाई. २००८ पासून मात्र ते केवळ आपत्तीसाठी राखले गेले. बचावाची विद्या सरावावाचून गंजते, याची ही कबुलीच होती.

६/ ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना. त्याच्यामुळेच बातमी बाहेर पोहोचली. एनडीआरएफचे जवान भर पावसात दिवसचे दिवस चिखल उपसत राहिले. तरीही १५१ जण मृत्युमुखी पडले.

७/ येथे दोष कौशल्याचा नव्हता. प्रश्न होता अंतराचा आणि वेळेचा. बातमी फुटायची, तुकडी निघायची, मंचर-घोडेगाव मागे टाकून पावसाळी घाटवाट चढायची. मातीखाली गाडलेल्याचा श्वास मात्र काही मिनिटांतच कोंडतो. ठाणे त्याच जिल्ह्यात असले, तरी गावाच्या दृष्टीने ते दूरच.

८/ म्हणूनच पुढचे पाऊल गावाकडे वळले. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘आपदा मित्र’ योजना आखली. देशातील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचा तिचा संकल्प होता. पुढे ती शेकडो जिल्ह्यांत विस्तारली.

९/ आधी अधिकारी, मग जवान, शेवटी गावकरी: प्रशिक्षणाचा क्रम असा राहिला. आपत्तीत हात पुढे येतात ते नेमके याच्या उलट क्रमाने. किल्लारीच्या शेजाऱ्यांनी हे १९९३ मध्येच दाखवून दिले होते. त्यांच्यापर्यंत प्रशिक्षण पोहोचायला मात्र दोन दशकांहून अधिक काळ लागला.