खिदिरपूरचे दगड आणि दप्तर

कलकत्त्यास येणारा मराठी पाहुणा कालीघाट पाहतो, दक्षिणेश्वर पाहतो, व्हिक्टोरिया स्मारकाच्या हिरवळीवर घटकाभर बसतो आणि परत जातो. खिदिरपूरला सहसा कोणी जात नाही. गोद्या, वखारी, मालमोटारींच्या रांगा. तेथे पाहण्यासारखे आहे तरी काय, असे आम्हीही बरीच वर्षे म्हणत असू. तथापि हेस्टिंग्जपासून गार्डन रीचपर्यंतच्या हुगळीच्या काठाने एकदा सावकाश चालत गेल्यावर आमचे मत पालटले.

हेस्टिंग्जला नदीलगत एक चौकोनी स्तंभ उभा आहे. चारी अंगांना जुन्या गलबतांच्या नाळी, त्यांखाली लाटांच्या रेषा, माथ्यावर छोटे मनोरे व घुमट. १९१४–१८ च्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या बंगाल व आसामच्या ८९६ खलाशांचे हे स्मारक. ६ फेब्रुवारी १९२४ रोजी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्याचे अनावरण केले. आगबोटीच्या पोटात कोळसा ओढणारी ही माणसे. पुढे या स्तंभाकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९९४ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याच्या खटपटीने त्याची डागडुजी झाली. शिल्प म्हणून आम्हांस ते सुंदर वाटते. परंतु परतताना ध्यानात राहतो तो केवळ आकडा.

पुढे गार्डन रीचकडे वळावे. याच परिसरातील मेटियाबुर्जला अयोध्येचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ नंतर येऊन राहिला व १८८७ मध्ये वारला. तेथील इमामबाड्यात त्याची कबर आहे. राजाला, तो गादीवरून उतरलेला असला तरी, कबर मिळते. ज्यांना ती येथे मिळाली नाही ते याच किनाऱ्यावरून जहाजात चढले.

जानेवारी १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे मजूर घेऊन कलकत्त्याहून ब्रिटिश गियानाकडे निघाली. गुलामगिरी कायद्याने बंद झालेली, उसाचे मळे मात्र तसेच! २६ फेब्रुवारी १८७३ रोजी ‘लाला रुख’ डचांच्या सुरिनामला निघाले. जूनच्या आरंभी ३९९ माणसे तेथे उतरली. १९१६ पर्यंत सुरिनामला गेलेल्यांची संख्या सुमारे ३४ हजार. पाच वर्षांचा करार. त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चेच लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले.

या लोकांच्या स्मारकास फार काळ लागला. खिदिरपूरला स्मृतिफलक बसला तो ११ जानेवारी २०११ रोजी. सुरिनाम घाटावरील ‘माई-बाप’ शिल्पाचे अनावरण ७ ऑक्टोबर २०१५ चे: परदेशी निघालेले एक साधेसुधे जोडपे. मूळ शिल्प पारामारिबोला आहे, येथे त्याची प्रतिकृती. म्हणजे माणसे येथून गेली आणि त्यांची आठवण तिकडून परत आली!

या जोडप्याला नाव नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. नावे आहेत ती दप्तरात. डेपोतील कारकून प्रत्येक मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खूण लिहून घेई. आम्हीही दप्तरातच दिवस काढणारे; असल्या रकान्यांचा कंटाळा आम्हांस पुरेपूर ठाऊक आहे. त्या कारकुनाच्या मनात कणव होती असे मानण्याचे कारण नाही. मजूर पळाला तर ओळखता यावा, एवढाच हेतू. आणि गावांची नावे कानाला लागली तशी लिहिलेली, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती ओळखूही येत नाहीत.

तरीही सुरिनामच्या त्या नोंदवह्या टिकल्या आहेत. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मराठी मजुरांच्या नोंदीही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. कित्येकांची छायाचित्रेही तेथे आहेत. पाचव्या पिढीतला एखादा वंशज तेथे जातो, पणज्याच्याही बापाचे नाव सांगतो, आणि नशीब असेल तर एक ओळ त्याच्या हाती लागते: गाव अमुक, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या गुडघ्यावर व्रण.