शय्याव्रण : रोग की हेळसांड?

राज्यांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. आजाऱ्याच्या अंथरुणाचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. वस्तुतः एखाद्या काळाने दुबळ्या माणसाला कसे वागविले हे पाहावयाचे असेल, तर त्या अंथरुणाइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. पक्षाघाताने, कण्याच्या दुखापतीने किंवा वार्धक्याने खिळून पडलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर जी जखम होते तिला शय्याव्रण म्हणतात. ती रोगामुळे होते की शुश्रूषेतील हयगयीमुळे, हा प्रश्न वरवर वैद्यकीय दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर हजारो माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते.

प्रथम ह्या जखमेचे मर्म पाहू. निरोगी माणूस गाढ झोपेतही कूस बदलतो. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपले गेले की रक्त अडते, कळ येते, आणि शरीर आपोआप सरकते. ज्याची संवेदना गेली त्याला कळ येत नाही. ज्याची शक्ती गेली त्याला कळ येऊनही हलता येत नाही. १९३० साली लँडिस या संशोधकाने नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत शिरणाऱ्या रक्ताचा दाब मोजला. तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतकाच भरला. पुढे १९५९ मध्ये कोसियाक याने कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, भारी दाब थोडा वेळ राहिला तर जो नाश होतो, तोच हलका दाब दीर्घकाळ राहिला तरी होतो. म्हणजे येथे वजनाइतकाच काळही घातक ठरतो.

प्राचीनांना हे आकडे ठाऊक नव्हते, तथापि अंथरुणाचे महत्त्व ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत व्रणावरील साठ उपक्रम तर आहेतच. शिवाय ‘व्रणितोपासनीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. जखमी माणसाची खोली कशी असावी, शय्या कशी ऐसपैस असावी, आणि स्नेहीजनांनी गोष्टी सांगून त्याची वेदना कशी विसरावयास लावावी, हे त्यात सांगितले आहे. फ्रान्समधील शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे १५६९ साली एका सरदाराच्या उपचारासाठी गेला, तेव्हा गोळीने फुटलेल्या मांडीपेक्षा रुग्णाची पाठच त्याला अधिक छळीत होती. खाली तळहाताएवढा व्रण पडला होता. पारेने त्यास स्वच्छ चादरी आणि मऊ बिछाना दिला, बैठकीचा भाग अधांतरी राहावा म्हणून पिसांची लहान उशी करविली, पौष्टिक अन्न चालू केले, आणि मन रमावे म्हणून वादकही आणविले. रुग्ण बरा झाला. दाब काढणे, स्वच्छता, पोषण आणि धीर ही आजच्या उपचाराची चारही अंगे ह्या एका हकीकतीत आढळतात.

मग हे ज्ञान लोपले कसे? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हा थोर मज्जारोगतज्ज्ञ होऊन गेला. पक्षाघात झाल्यावर थोड्याच दिवसांत लुळ्या बाजूच्या नितंबावर व्रण उठतो असे त्याने पाहिले, आणि मज्जातंतूंच्या बिघाडामुळेच कातडी मरते असा निष्कर्ष काढला. असा व्रण त्याने मरणाची पूर्वसूचना मानला. मज्जारज्जू तोडलेल्या प्राण्यांतही दाब व ओल टाळली तर व्रण टळतात, असे ब्राउन-सेकार याने १८५३ च्या सुमारास दाखविले होते. परंतु शार्कोच्या अधिकारवाणीपुढे ते मागे पडले. एखादी जखम अटळ आहे असे विद्वानांनी ठरविले की, ती टाळण्यासाठी रात्री कोण उठणार? सिद्धान्ताची चूक अशी हेळसांडीला आधार देते.

इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात याच्या नेमके उलट मत मांडले. रुग्णाला शय्याव्रण झाला तर तो दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असा तिचा निर्वाळा होता. एकाच शतकात एकाने दैवावर बोट ठेवले, दुसरीने मानवी हातांवर.

या वादाचा निकाल रणांगणावरील जखमींनी लावला. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक मूत्रमार्गाच्या विकाराने आणि शय्याव्रणाच्या विषाने दगावले. पुढे जर्मनीतील छळामुळे १९३९ साली इंग्लंडला आलेला लुडविग गुटमान हा ज्यू डॉक्टर १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथील कण्याच्या रुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. १९१७ साली तरुणपणी त्याने कणा मोडलेला एक खाणकामगार मरताना पाहिला होता. आता मात्र हे मरण अटळ मानावयास तो तयार नव्हता. त्याने दर दोन तासांनी, रात्रंदिवस, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. रुग्ण जगू लागले. इतकेच नव्हे, तर २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांतील १६ जण चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो होय.

१९६२ हे वर्षही संस्मरणीय म्हटले पाहिजे. डोरीन नॉर्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून पाच बाबींची गुणपद्धती सिद्ध केली : प्रकृती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण मिळाल्यास धोका समजावा. त्याच वर्षी जॉर्ज विंटर याने डुकरांवरील प्रयोगांत दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर सुकविलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने भरते. जखमेला वारा लागू द्यावा ही जुनी समजूत तेव्हापासून डळमळली.

आपल्या देशातही ही परंपरा रुजली. १९५४ च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी वर्गीज यांनी चाकांच्या खुर्चीतून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ साली वेल्लोर येथे पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नाने. १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी रुतलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. ज्या दुखापतीचा अर्थ दोन पिढ्यांपूर्वी मृत्यू असा होता, तिच्यानंतरचे हे यश आहे.

आज दोन तासांचा नियम काटेकोर मानला जात नाही. गादी, प्रकृती आणि कातडी पाहून अंतर ठरवितात. तत्त्व मात्र तेच. कूस बदलावी, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राखावी, खुर्चीत बसणाऱ्याने वारंवार भार हलवावा, कातडी रोज पाहावी, आणि आपल्या सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नसल्याने ऊब व कठीणपणा हाताने चाचपावा. लाल झालेली जागा चोळू नये; मध्ये भोक असलेल्या वर्तुळाकार उशीवर बसवू नये. खोल किंवा दुर्गंधीयुक्त जखम, तसेच ताप, दिसल्यास डॉक्टरांस विलंब न लावता दाखवावे.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. नाइटिंगेलचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले, पण संपूर्ण नव्हे. शरीराचा दीप मंदावत असताना उत्तम शुश्रूषेतही काही व्रण होतात, हे आता तज्ज्ञ मानतात. शिवाय गुटमानच्या हाताशी पाळीपाळीने येणारे मदतनीस होते. आपल्या घरांतून मात्र हे काम बहुधा एकटी सून, पत्नी किंवा मुलगी करते. तिची झोप कोणी मोजत नाही आणि व्रण उठला की बोल मात्र तिलाच लागतो. शार्कोने रुग्णाला दैवाच्या हवाली केले. आपण त्याला एका थकलेल्या बाईच्या हवाली करून मोकळे होत असू, तर आपण फार पुढे आलो असे म्हणता येणार नाही. मध्यरात्रीची एक पाळी घरातील दुसऱ्या कोणी उचलणे, ह्याला मोठ्या विद्येची गरज नाही. ह्या साऱ्या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ एवढाच आहे.